पोलर एच१०: भरतीच्या पोरांसाठी घेतलेला छातीचा पट्टा

पलटणीतून निवृत्त झाल्यापासून येळ्ळूरच्या आसपासची पोरं सैन्यभरतीच्या तयारीला माझ्याकडे पळायला येतात. १.६ किलोमीटर किती मिनिटांत मारला ते स्टॉपवॉच सांगतं. पण थांबल्यावर पोराचे ठोके किती लवकर खाली येतात, हे मला बघायचं होतं. त्यासाठी पोलर एच१० घेतला आणि पैसे वसूल झाले.

मनगटावरचं घड्याळ कातडीखालच्या रक्तावर उजेड टाकून ठोके मोजतं. हात जोरात हलले की ते मागे पडतं, कधी कधी तर ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. राजहंसगडाच्या चढाला लागलं की आकडा लगेच वर, थांबलं की लगेच खाली.

पावसाळ्याच्या तोंडावर आलेला एक पोरगा जीव तोडून पळायचा आणि थांबल्यावर मिनिटभरात १८६ वरून जेमतेम १६८ वर यायचा. त्याला लांब, सावकाश पळवला. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. दिवाळीनंतर तोच १८५ वरून १४७ वर! वरचा आकडा सरावाने फारसा हलत नाही, तो वयाप्रमाणे उतरतो. सरावाने रक्तातला द्रव वाढतो, हृदयाचा डावा खालचा कप्पा जास्त भरतो आणि एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलतो. म्हणून त्याच वेगाला ठोके कमी लागतात. आणि थांबल्यावर हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नस लवकर कामाला लागते. आता पोरं किती मिनिटांत पळालो हे विचारायच्या आधी हेच विचारतात, "मामा, आज किती उतरला?"

एप्रिलच्या उन्हातले आकडे मात्र थंडीतल्या आकड्यांशी ताडून बघू नका. घाम गेला की त्याच वेगाला ठोके चढतच जातात.

जोराच्या व्यायामानंतर सावकाश चालताना पहिल्या मिनिटात १२ ठोकेही उतरत नसतील, तर डॉक्टर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. वयस्कर मंडळींनी अशा वेळी तपासून घ्यावंच.

बांधताना आतली बाजू ओली करा, नाहीतर सुरुवातीला आकडे उड्या मारतात. एका सत्राची नोंद पट्ट्यातच राहते, पळताना फोन लागत नाही. किंमत आमच्या पोरांना एकेकट्याला झेपणारी नाही. तिघाचौघांनी मिळून घ्यावा. वरचं यंत्र सुटं निघतं, कापडी पट्टा वेगळा विकत मिळतो, तो ज्याचा त्याने ठेवावा आणि धुवावा.