‘प्रेशर सेट करून देतो’ म्हणाला आणि १,४४,००० घेऊन गेला

माझी गाडी म्हणजे ट्रक, २०१८ ची, बीएस-४, चार सिलेंडर, कॉमन रेल. म्हणजे पंप डिझेल प्रेशरने एका जाड नळीत (रेलमध्ये) भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलेंडरमध्ये फवारतात. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला निघालेली. घोटीच्या अलीकडे चढावर पिकअप गेला, चेक लाइट लागली आणि आरपीएम वर चढेचना. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी नाशिकलाच होतो, म्हणून गेलो. कांदा दुसऱ्या गाडीत टाकून पुढे पाठवला, त्याचे ६,५०० वेगळे. बाजारात माल उशिरा पोचला की काय भाव मिळतो ते सांगायला नको. म्हणजे मी कुठल्या घाईत होतो ते समजून घ्या.

हायवेवरच्या गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलाने सांगितलंय. बाहेर बोर्ड मोठा, आत टेस्ट बेंच, टेबलावर लॅपटॉप. मिस्त्रीने स्कॅनर लावला, ॲक्सिलरेटर दाबायला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “शेठ, बघा. डिझेलचं प्रेशर मागतंय साडेअकराशे बार, मिळतंय सातशे. पंप गेला.” आकडे खरेच होते, त्यात लबाडी नव्हती. लबाडी पुढे होती. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मागणी आणि प्रत्यक्ष प्रेशर बरोबर जुळत होतं, गाडी अर्ध्या सेलवर, म्हणजे चावी फिरवताच, चालू होत होती. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच प्रेशर पडतंय म्हणजे पंपाला मागून डिझेल पुरत नाही, हा पहिला संशय. झिजलेला पंपही असं करतो, नाही असं नाही. पण आधी फिल्टर, पाणी, हवा, टाकीपासूनची लाइन बघतात आणि मग पंपाला हात लावतात. यांनी उलट केलं.

मग रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे जादा डिझेल परत जातं त्या तोंडाला, नळ्या लावून खाली बिसलरीच्या चार बाटल्या ठेवल्या. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर गळका, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. गाडी चालू केली, दोन आणि तीन नंबरच्या बाटल्या भराभर वर. इथे माझा ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “भाऊ, तीन नंबरच्या बाटलीत आधीपासून डिझेल होतं.” बाटल्या काळपट, तळाला जुनं डिझेल, वर हेल्परचा हात. मी त्याला म्हटलं, गप बस, मिस्त्रीला काम करू दे. हे वाक्य मला आता रात्री झोपू देत नाही. पण मला सांगा, चारचौघांत अनोळखी मिस्त्रीला “बाटल्या ओत आणि परत लाव” म्हणणारे मालक किती? तो लगेच म्हणतो, मग तुम्हीच करा. बाटल्या पारदर्शक, कोरड्या, सारख्या मापाच्या हव्यात आणि लावताना तुमच्या डोळ्यांसमोर रिकाम्या हव्यात. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याला राग आला तर येऊ द्या.

“दोन गेलेत तर चारही बदला, आणि मग प्रेशर सेट करून देतो,” असं ठरलं. माझी आधीची गाडी जुन्या इनलाइन, म्हणजे मेकॅनिकल पंपाची. त्यात इंजेक्टरच्या नोझलच्या स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकून प्रेशर वाढवतात आणि दोनशे-अडीचशे बारवर नोझल उघडते. ती सेटिंग मी उभं राहून करून घेतलेली आहे. त्यामुळे ‘सेट’ ऐकून मला काही खटकलं नाही. पण कॉमन रेलला बाहेरून फिरवायचा स्क्रू नसतो. प्रेशर किती हवं ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह तेवढं डिझेल आत सोडतो, रेलवरचा सेन्सर परत सांगतो. असल्या गाडीचं प्रेशर कुणी ‘सेट करून देतो’ म्हणाला की चावी काढून निघा.

बिल असं: पंप ५८,०००. इंजेक्टर ४ नग, १७,५०० प्रमाणे ७०,०००. बेंच टेस्टिंग ३,५००. कोडिंग २,४००. डिझेल फिल्टर १,१५०. मजुरी ९,०००. एकूण १,४४,०५०. वरचे पन्नास रुपये त्याने मोठ्या मनाने सोडले! ६०,००० यूपीआयने, ८४,००० रोख. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, एकाही पार्टचा नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर “१८ टक्के वर लागतील” म्हणाला. एवढा खर्च झाल्यावर आणखी १८ टक्के कोण देतं?

बिलातला फिल्टर आठवतोय का, तो १,१५० वाला? गाडीचा खरा आजार तोच. जुना फिल्टर उघडला तेव्हा बाऊलमधून काळं पाणी निघालं, हेल्परने ते चटकन मातीत ओतलं. गाडी त्या फिल्टरनेच पळायला लागली.

काही आठवड्यांनी पुन्हा तोच त्रास सुरू झाला, कारण तो फिल्टरही डुप्लिकेट. या वेळी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. त्यांनी पाणी काढलं, ओरिजिनल फिल्टर टाकला, हवा काढली, प्रेशर जागेवर. तपासणीचे १,८००, फिल्टर १,६५०. तिथल्या मुलाने पंपाला नख लावलं तर चंदेरी रंग नखात आला. खाली जुनी पाटी. मागे हेड काढलं होतं तेव्हाच्या जॉब कार्डावर पंपाचा नंबर आणि चारही इंजेक्टरचे कोड लिहिलेले. एक अंकही वेगळा नाही. घासून, रंगवून, नवे तांब्याचे वॉशर टाकून माझाच माल मला विकला. नवीन इंजेक्टरच्या डोक्यावर वेगळा कोड असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. कोडिंगचे २,४०० घेतले ते कशाचे, त्यालाच ठाऊक. जुना पार्ट मागून घ्या, घरी न्या, भंगारात विका, पण तिथे सोडू नका.

आणि हो, जुन्या सवयीने चालू गाडीचा इंजेक्टर पाइप ढिला करून बघू नका. ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रेशर दीड हजार बारच्या पुढेही जातं, ती धार कातडी फोडून आत शिरते.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात मी म्हटलं ४२०, फसवणूक. ठाणे अंमलदार हसले. “४२० आता कुठे राहिलं, ३१८ झालं.” कलम मला शिकवलं, गुन्हा मात्र नोंदवला नाही. “दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.” आरटीओत गेलो. माझ्या गाडीचं फिटनेस एक दिवा बंद असला तरी अडवतात, पण गॅरेजची तक्रार त्यांच्याकडे नाही म्हणे. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं, “ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहक नाही.” अहो, एकच गाडी, पोट तिच्यावर! २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी वापरलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत, हे वकिलाने छापील पान दाखवलं तेव्हा अर्ज घेतला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हेही तिथे कुणी आपण होऊन सांगत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. गॅरेजवाल्याला त्यांचा मेल गेला असेल तर त्याने त्यात फिल्टर गुंडाळला असणार.

रोख दिलेले ८४,००० सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. म्हणून यूपीआयचाच पुरावा, जॉब कार्ड आणि वर्कशॉपचा रिपोर्ट एवढ्यावर केस उभी आहे. गॅरेजवाल्याचा निरोप आलाय, वीस हजार घ्या आणि मिटवा. घेतले नाहीत.

त्या पट्ट्यात कुणाकडे साध्या कागदावर ‘प्रेशर सेटिंग’ लिहिलेलं बिल असेल तर फाडू नका. त्याच ठाण्याच्या एका हवालदाराने टपरीवर चहा पिताना मला सांगितलं, एकट्याची तक्रार दिवाणी असते साहेब, चार जण आले की गुन्हा होतो.