कोर्ग मिनिलॉग: जुना घ्यावा की एक्सडी?

मिनिलॉग हा कोर्ग कंपनीचा ॲनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटातून सूर घडवणारा कीबोर्ड. तो २०१६ साली आला, मिनिलॉग एक्सडी २०१९ साली. दोघांनाही ३७ बारीक पट्ट्या, दोघांतही दोन-दोन ॲनालॉग ऑसिलेटरचे (मूळ सूर निर्माण करणारी सर्किटं) चार आवाज, म्हणजे एका वेळी चार सूर. त्यामुळे कुणी ‘नवा तो चांगला’ म्हणून जास्तीचे पैसे मोजतं, तर कुणी ‘दोन्ही सारखेच’ म्हणून सेकंडहँड जुना उचलतं. प्रत्यक्षात ही दोन निराळी वाद्यं आहेत आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या वादकाला कुठलं लागेल हे तो कुणाच्या साथीला बसतो यावर ठरतं.

आधी एक खुलासा. यात तबला, ढोलक, पेटी, बासरी असे तयार टोन नाहीत आणि ताल वाजवणारी स्टाइलही नाही. ऑर्केस्ट्रात एकच कीबोर्ड नेऊन सगळं भागवायचं असेल तर दोन्ही सोडा. शिवाय चार आवाज म्हणजे चारच: डाव्या हाताने तीन सुरांचा कॉर्ड धरला की उजव्या हाताला एकच सूर उरतो. पाचवी पट्टी दाबली की आधीचा एक सूर तुटतो.

जुन्याची खरी ताकद त्याच्या फिल्टरमध्ये, म्हणजे आवाजाची वरची धार कापणाऱ्या भागात आहे. तो एका स्विचवर दोन पोल (सौम्य काप) किंवा चार पोल (तीव्र काप) होतो. चार पोलवर वरची धार झपाट्याने कापली जाते आणि बास गोल, जड लागतो. एक्सडीत फक्त दोन पोल आहेत. त्याची भरपाई म्हणून ड्राइव्ह दिलाय, पण त्याने आवाज खरखरीत होतो, गोल होत नाही. दुसरं, जुन्यात दोन्ही एन्व्हलपला (सूर कसा चढतो, टिकतो, विरतो ते ठरवणारा भाग) अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असे चारही नॉब आहेत. एक्सडीत दुसऱ्या एन्व्हलपला अटॅक, डिके आणि मात्रा एवढंच. सिंथ मुळापासून शिकायचा असेल तर आम्ही आजही जुनाच सुचवू.

त्याच्या उणिवाही ठळक आहेत. आउटपुट मोनो, रिव्हर्ब (सभागृहासारखी घुमी) नाही, फक्त डिले (प्रतिध्वनी). सस्टेन पेडलला जॅकच नाही. भजनाला मागे लांब पॅड (सलग भरणारे मऊ सूर) धरून ठेवायची सवय असलेल्याला हे फार जड जातं. एक्सडीत डॅम्पर (सस्टेन पेडलचा) जॅक आहे, स्टिरिओ आउट आहे, मॉड्युलेशन-डिले-रिव्हर्ब एकाच वेळी चालतात. तिसरा डिजिटल ऑसिलेटरही आहे, त्यात बाहेरून नवे ऑसिलेटर भरता येतात. आवाज साठवायच्या ५०० जागांपैकी ३०० तुमच्या. जुन्यात २०० पैकी १००.

पण आमच्या मते एक्सडी घेण्याचं सगळ्यात मोठं कारण मायक्रोट्युनिंग, म्हणजे प्रत्येक सूर थोडा चढवून-उतरवून जुळवायची सोय. पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीवर कान तयार झालेल्या बेळगावात बेसूर गंधार खपत नाही. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट) असतो, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ वर. लांब पॅड धरला की हा १४ सेंटचा फरक लाटांसारखा हलताना ऐकू येतो. एक्सडीत बारा सुरांची स्वतःची सप्तक-जुळणी साठवता येते. सा शून्यावर ठेवून हे आकडे, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या सुरापासूनचा सेंटमधला फरक, भरा: कोमल रे +१२, शुद्ध रे +४, कोमल ग +१६, शुद्ध ग −१४, म −२, तीव्र म −१०, प +२, कोमल ध +१४, शुद्ध ध −१६, कोमल नी +१८, शुद्ध नी −१२. ही सुरुवात समजा. दरबारीचा कोमल गंधार याहून बराच उतरलेला, तो गायकासोबत कानानेच लावावा.

इथेच बहुतेकजण फसतात. हे आकडे पांढरी एकला सा धरून आहेत. गायक काळी एकला असेल तर प्रोग्राममधली स्केल की +१ करा, काळी दोनला +३, काळी पाचला −२. ते विसरलं तर सगळी जुळणी भलत्याच सुरांवर बसते आणि वाद्य बिघडल्याचा भास होतो. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात दर गायकाची पट्टी वेगळी, म्हणून एकच आवाज चार-पाच पट्ट्यांसाठी वेगवेगळ्या जागी साठवून ठेवावा. पाश्चात्त्य कॉर्ड बदलत जाणाऱ्या सिनेगीतांना ही जुळणी लावू नये, काही कॉर्ड फाटल्यासारखे लागतात.

ॲनालॉग ऑसिलेटर तापमानाने सरकतात. डिसेंबरात उघड्या मांडवात वाजवायचं तर वाद्य वीसेक मिनिटं आधी चालू ठेवा, मग ऑटो ट्यून करा, नंतरच तंबोऱ्याशी जुळवा. थंड वाद्यावर केलेलं ट्यूनिंग तिसऱ्या गाण्यापर्यंत टिकत नाही.

विजेचं जपायला हवं. दोन्ही ९ व्होल्ट डीसीवर चालतात, मधली पिन पॉझिटिव्ह. गिटार पेडलचा ॲडॅप्टरही बहुधा ९ व्होल्टच असतो, पण त्याची मधली पिन निगेटिव्ह; तो घाईत खोचू नका. बॅटरीची सोय नाही, त्यामुळे वीज गेली की न साठवलेला आवाज गेला. राइट (साठवण्याचं) बटण दाबायची सवय हाताला लावा, आणि मांडवात जनरेटर असेल तर मध्ये छोटा यूपीएस ठेवा.

सेकंडहँड बघायला कोल्हापूर-पुण्याला किंवा गोव्याला जाणार असाल तर हेडफोन न्या. आधी चार पट्ट्या एकेक करत धरा; चारांतला एक सूर पातळ किंवा बेसूर लागला तर तो आवाज आजारी आहे, सौदा थांबवा. मग प्रत्येक नॉब सावकाश फिरवून पडद्यावरचा आकडा बघा. हात न लावता आकडा नाचत असेल तर आतला पॉट (नॉबखालचा सुटा भाग) खराब किंवा धुळीने भरलेला. खानापूरकडच्या पावसाळ्यात बंद पेटीत पडून राहिलेल्या वाद्यात हे हमखास तपासा. यूएसबी लॅपटॉपला जोडून गुणगुण येते का तेही ऐका. ती बहुधा ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारी) असते, वाद्याचा दोष नसतो, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की पुष्कळदा थांबते. मूळ ॲडॅप्टर सोबत मागून घ्याच.

बास आणि लीडसाठी, घरी शिकण्यासाठी, चांगल्या अवस्थेतला जुना मिळाला तर बिनधास्त घ्या. गायकाच्या मागे बसणाऱ्याने मात्र थोडं थांबून पैसे साठवावेत आणि एक्सडीच घ्यावा.