कुत्र्याच्या खाद्याची पिशवी घेताना शिलाई बघून घ्या

खाद्याचे ४,६०० आणि इलाजाचे १२,८७०, असे १७,४७० रुपये गेले. आमची राणी मरता मरता वाचली. डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. राणी लॅब्रॅडॉर, चार वर्षांची. तिच्या नेहमीच्या २० किलोच्या पिशवीची छापील किंमत ६,२००. व्हॉट्सॲप स्टेटसवर एकजण 'डीलरकडचा जादा माल' म्हणून तीच ४,६०० ला घरपोच देत होता. ओळखीतल्या दोघींनी त्याच्याकडून आधी घेतलं होतं, मग मी तरी शंका का घ्यावी?

पण पिशवी हातात आली तेव्हा कळायला हवं होतं. कंपनीची शिलाई मशीनची असते, टोक ओढलं की सर्रकन उसवते. ही कात्रीने कापावी लागली. जाड पांढरा दोरा, हाताने घातलेले वाकडेतिकडे टाके, तारखेवर स्टिकर. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, गाडीत फाटली होती, शिवून घेतली. माल एक नंबर हाय, डोळे झाकून घाला." आणि मी घातला! खवट वास येत होता, तो पावसाळी हवेचा म्हणून सोडून दिला. पहिल्या दिवशी राणीने तोंड फिरवलं. मीच वर दही कालवून तिला खायला लावलं. हे आठवलं की रात्री झोप लागत नाही.

अकराव्या दिवशी उलट्या, लघवी गडद पिवळी, हिरड्याही पिवळ्या. रक्त तपासलं तर लिव्हर बिघडलेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा खाद्याचंच विचारलं. मका-शेंगदाण्याला ओल लागून बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शिजवून जात नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसेलच असंही नाही. नऊ दिवस सलाईन चाललं.

खाद्य विकणाऱ्याचा फोन बंद. यूपीआयचे पैसे तिसऱ्याच्याच नावावर गेलेले, पावती नाही. पावती देत नसेल तर माल परत पाठवा, भीड धरू नका.

पोलिसांत गेले तर, "कुत्र्याच्या खाण्यापायी कंप्लेंट?" अन्नाच्या ऑफिसात, "हे आमच्यात येत नाही." खरंच येत नाही, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळलंय. मग जनावरांच्या खात्यात जायचं. तिथे म्हणे तपासणीचा खर्च तुमचा, आणि माल त्याचाच कशावरून? तीन ऑफिसं, पाच हेलपाटे, पाच रजा. ती पिशवी स्कूटरवर पायाशी ठेवून मी भर उन्हात फिरवली, एकाने उघडून वास घेतला नाही! मुकं जनावर आहे, तक्रार कोण करणार, असंच ना?

खाद्य डब्यात ओतलं तरी पिशवी टाकू नका, बॅच नंबरचा फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी अर्ज लिहायला घेतलाय.

परवा मैत्रिणीने एक स्टेटस पाठवलं. फोटो तोच, नंबर नवा, भाव ४,४००.