भाड्याचा एअर प्युरिफायर : दक्षिण कोरियातील धुळीच्या मोसमातला अनुभव

सोलच्या दक्षिणेस असलेल्या सुवॉन शहरात राहताना आम्ही एअर प्युरिफायर विकत न घेता मासिक भाड्याने घेतला. कोरियात ही पद्धत सर्रास रूढ आहे. पिण्याच्या पाण्याचे यंत्र, प्युरिफायर, इतकेच काय, गादीसुद्धा भाड्याने मिळते आणि ठरावीक महिन्यांनी कंपनीच्या बाई घरी येऊन यंत्र उघडून, पुसून, फिल्टर बदलून जातात. इकडे येऊ घातलेली मराठी कुटुंबे याविषयी हमखास विचारतात, म्हणून यंत्र आणि सेवा या दोहोंविषयी लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही.

यंत्राची पारख करण्यापूर्वी इथली धूळ दोन प्रकारची असते, हे ध्यानात घ्यायला हवे. मार्च ते मे या काळात गोबीचे वाळवंट आणि अंतर्गत मंगोलिया इथून वाऱ्याबरोबर येते ती ‘ह्वांगसा’, म्हणजे पिवळी धूळ. तिचे कण तुलनेने जाड असतात आणि एका रात्रीत उभ्या गाड्यांच्या काचांवर तिचा थर बसतो. दुसरी ‘मिसे-मोंजी’, म्हणजे सूक्ष्म धूळ. ही वाहने, कारखाने आणि कोळशावरची वीजकेंद्रे यांची देणगी असून काही चीनकडून येते, तर काही कोरियातच तयार होते. हिवाळ्यात थंड वारा थांबला की ती साचून राहते, म्हणून ‘तीन दिवस थंडी, चार दिवस धूळ’ असे इथले लोक वैतागून म्हणतात. 5 मार्च 2019 रोजी सोलमधील पीएम 2.5 ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची, दिवसाची सरासरी घनमीटरला 135 मायक्रोग्रॅमवर गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा 15 आहे, यावरून त्या आकड्याचा अंदाज यावा. मार्च 2019 मध्येच कोरियाच्या संसदेने सूक्ष्म धुळीचा समावेश सामाजिक आपत्तींमध्ये केला.

सूक्ष्म धुळीच्या बाबतीत यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्यात एच 13 दर्जाचा हेपा फिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी, आहे. दारे-खिडक्या बंद करून वेगाचे बटण वर नेले की बैठकीच्या खोलीतील आकडा अर्ध्या-पाऊण तासात स्पष्टपणे खाली येतो. मात्र यंत्रावर लिहिलेले क्षेत्रफळ सर्वाधिक वेगाला लागू असते, आणि त्या वेगाचा आवाज झोपताना सहन होण्यासारखा नसतो. त्यामुळे खोलीच्या निदान दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे.

पिवळ्या धुळीच्या दिवसांत खरी कसोटी लागते ती हेपाच्या पुढे असलेल्या जाळीची. एप्रिलमध्ये मागचे झाकण काढले तर बेसन चाळल्यावर चाळणीला राहावा तसा फिकट पिवळा थर त्या जाळीला चिकटलेला दिसतो, आणि तो साचू दिला की हवेचा प्रवाह मंदावून यंत्र नुसतेच घरघरत राहते. बाईंचे काम नेटके असते. त्या जाळी न्हाणीघरात धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवतात आणि सेन्सरची काच कापसाच्या काडीने पुसतात. पण त्यांची फेरी करारातील तारखेप्रमाणे होते, धुळीच्या मोसमाप्रमाणे नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये दर आठवड्याला जाळी आपणच धुवावी लागते, आणि ही गोष्ट विक्रेता सांगत नाही.

सर्वात भ्रामक भाग म्हणजे सेन्सरनुसार हवेचा दर्जा दाखवणारा समोरचा रंगीत दिवा. मोहरी तडतडली की तो तत्काळ लाल होतो आणि पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागतो. फोडणीचा तेलकट धूर हेपा फिल्टरमध्ये शिरला तर त्याचे आयुष्य घटते, म्हणून स्वयंपाकाच्या वेळी यंत्र बंद ठेवून शेगडीवरचा एग्झॉस्ट लावणेच इष्ट. कोरड्या हवेसाठी लावलेल्या अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये नळाचे पाणी घातले, तर त्यातील क्षारांचे कणही सेन्सरला धूळच वाटतात. उलट दिवा निळा असला म्हणजे हवा चांगली आहे, असेही नाही. हा फिल्टर कार्बन डायऑक्साइड काढत नाही, आणि दिवसभर बंद घरात चार माणसे वावरली की डोके जड होते ते त्यामुळे. धुळीच्या दिवशीसुद्धा ‘एअर कोरिया’ या हवेच्या दर्जाची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर जवळच्या केंद्राचा आकडा पाहून, तो उतरलेला असेल त्या वेळी, दहा मिनिटे खिडक्या उघडाव्यात. नव्या मोठ्या गृहसंकुलांत छतातून हवा खेळवणारी वायुवीजन यंत्रणा असते. तिलाही स्वतःचा फिल्टर असतो, आणि तो वर्षानुवर्षे कोणी बदललेला नसतो. भाड्याच्या घरात शिरताना मालकाला आधी त्याविषयी विचारावे. प्युरिफायरचे अर्धे काम तिथेच होऊन जाते.

घराबाहेर अर्थातच या यंत्राचा काही उपयोग नाही. तिथे केएफ 94 हा सूक्ष्म कण गाळणारा कोरियन दर्जाचा मास्क नाकाच्या पट्टीसह नीट बसवून वापरावा.

आता कराराविषयी. मासिक रक्कम जाचक नाही आणि फिल्टरची किंमत त्यातच धरलेली असते, ही सोय मोठी आहे. पण मुदत अनेक वर्षांची असते, आणि नोकरीचा व्हिसा त्याआधी संपणाऱ्याला मध्येच यंत्र परत करताना उरलेल्या भाड्याचा काही भाग दंड म्हणून भरावा लागतो. आमच्या करारात हे कलम बारीक कोरियन अक्षरांत होते आणि विक्रेत्याने ते तोंडी उच्चारलेही नाही. सही करण्यापूर्वी माझ्या कोरियन सहकाऱ्याने वाचून दाखवले म्हणून आम्ही कमी मुदतीचा, थोडा महाग पर्याय मागून घेतला. चार-पाच वर्षे राहणार असाल आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ही सेवा घ्यावी. दोन वर्षांसाठी आलेल्या विद्यार्थ्याने मायदेशी परतणाऱ्या कोणाकडून तरी जुने यंत्र विकत घ्यावे, फक्त त्या मॉडेलचे फिल्टर अजून बाजारात मिळतात का, याची आधी खात्री करून घ्यावी.