साइमावर दोन रात्री: सावोनलिन्ना की लाप्पेनरांता?

हेलसिंकीहून साइमा सरोवराकडे निघालं की मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न येतोच. दोन्ही गावं एकाच पाण्यावर आहेत. किल्ला, बोटीची फेरी, धक्क्याजवळचा बाजार हे सगळं दोन्हीकडे मिळतं. लाप्पेनरांता थेट रेल्वेगाडीने दोन तासांच्या आसपास. सावोनलिन्नाला चार तासांच्या वर लागतात आणि पारिक्कालाला गाडी बदलावी लागते. वेळापत्रक बघून बहुतेक जण लाप्पेनरांताचं तिकीट काढतात. सकाळी जाऊन रात्री परतायचं असेल तर तेच बरोबर आहे. सावोनलिन्ना एका दिवसात करू नये, निम्म्याहून अधिक दिवस गाडीतच जातो. पण दोन रात्री हाताशी असतील तर गणित बदलतं.

लाप्पेनरांताची जमेची बाजू आधी. लहान मुलं बरोबर असतील तर बंदराजवळचं वाळूशिल्पांचं प्रदर्शन त्यांना खिळवून ठेवतं. 2004 पासून ते दर उन्हाळ्यात भरतं आणि प्रवेश मोफत असतो. वर लिन्नोइतुस हा मातीच्या तटांचा जुना किल्ला आहे. त्यात 1785 चं ऑर्थोडॉक्स चर्च आहे, फिनलंडमधलं सर्वांत जुनं. तटावरून बंदर छान दिसतं. एवढं सगळं अर्ध्या दिवसात आरामात बघून होतं.

पण लोक लाप्पेनरांताला जातात ते साइमा कालव्यासाठी. 1856 साली खुला झालेला हा कालवा सरोवराचं पाणी समुद्राशी जोडतो. दोन्हींच्या पातळीत सुमारे 76 मीटरचा फरक आहे आणि तो उतरायला आठ जलपाशं, म्हणजे पाणी सोडून बोट वर-खाली नेणारे बंदिस्त कप्पे, आहेत. फिनलंडच्या हद्दीत त्यांतली तीनच येतात: माल्किया, मुस्तोला आणि सोस्कुआ. उरलेली पाच रशियात आहेत. पूर्वी बोटीने रशियातल्या व्हिबोर्गपर्यंत जाता यायचं, तेव्हा या गावाला तोड नव्हती. आता ती वाट प्रवाशांना बंद आहे. माल्कियाला बोट एकाच टप्प्यात बारा मीटरांहून जास्त खाली जाते. दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती वर वर सरकताना दिसतात, ते दृश्य नक्की बघावं. फक्त माल्किया गावात नाही, पूर्वेला लाउरित्सालाच्या बाजूला सहा-सात किलोमीटरवर आहे.

मला लाप्पेनरांताची खटकणारी गोष्ट हीच. तिथे प्रत्येक गोष्टीच्या आधी एक बस आहे. स्टेशनापासून बंदर दीड-दोन किलोमीटर, म्हणजे उतरल्या उतरल्या बॅगा ओढत चाला किंवा बस बघा. कालव्याला दुसरी बस. जवळच्या इमात्रा गावातला धबधबा बघायचा तर पुन्हा रेल्वे, आणि तिथेही स्टेशन धबधब्याला लागून नाही. इमात्रात 1929 पासून पाणी वीजकेंद्राकडे वळवलेलं आहे. उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दारं उघडतात तेवढाच वेळ नदी जुन्या पात्रातून वाहते, त्यामुळे एक बस चुकली तर कोरडे खडक बघून परतावं लागतं. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांच्या गुडघ्यांचा विचार करायचा असेल, तर दिवसभरातल्या या चढउतारांनीच ते थकतात.

सावोनलिन्नाचा त्रास एकाच ठिकाणी आहे, पारिक्कालाला. विजेच्या तारा मुख्य मार्गावर आहेत. सावोनलिन्नाचा फाटा डिझेलवर चालतो, म्हणून तिथे एका डब्याची छोटी रेलबस उभी असते. मोठ्या गाडीची सवय असलेले लोक लांबलचक गाडी शोधत राहतात. तो एकटा डबाच आपली गाडी. तिकीट हेलसिंकी ते सावोनलिन्ना असं सलग एकच काढावं. दोन वेगळी काढली आणि पहिल्या गाडीला उशीर झाला तर दुसरं तिकीट वाया जाऊ शकतं, आणि पुढची रेलबस काही तासांनी असते. एवढं सांभाळलं की पुढे सगळं सोपं आहे. स्टेशन गावातच आहे. बाजारचौक आणि पाणी चालत काही मिनिटांवर, ओलाविनलिन्ना किल्लाही तसाच पायी गाठता येतो.

हा किल्ला 1475 मध्ये एरिक अक्सेलसन टोट या सरदाराने बांधायला घेतला, क्युरोनसाल्मी सामुद्रधुनीतल्या खडकावर. आपल्याकडच्या जंजिऱ्यासारखा चारी बाजूंनी पाण्यात, फक्त पाणी गोडं. इथल्या प्रवाहाला एवढी ओढ आहे की कडाक्याच्या थंडीतही किल्ल्याभोवतीचं पाणी सहसा गोठत नाही. जायला तरंगता पूल आहे. तो बोटींसाठी बाजूला घेतात, तेव्हा थोडं थांबावं लागतं. बुरुज मार्गदर्शकाबरोबरच बघता येतात, त्यामुळे फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी. आतले दगडी जिने अरुंद आणि गोल आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी अंगणातच थांबलेलं बरं.

याच अंगणात जुलैमध्ये ऑपेरा महोत्सव होतो. आइनो आक्ते या गायिकेने तो 1912 मध्ये सुरू केला, आणि 1967 पासून तो दरवर्षी भरतो. ऑपेरा ऐकायचा नसेल तर जुलै टाळावा. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग, आणि किल्ल्याच्या वेळाही बदलतात. ऑगस्टचा पहिला पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो, डासही तोवर कमी झालेले असतात. जूनच्या उत्तरार्धात युहान्नुसचा, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा, शनिवार-रविवार मात्र नकोच, तेव्हा गावं ओस असतात.

रेलबसचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. तिच्याच वाटेवर लुस्तो हा थांबा आहे, वनसंग्रहालयाशेजारी. पुढे पुंकाहार्यूची सात किलोमीटरची चिंचोळी टेकडी. हिमयुगाच्या शेवटी बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने वाळू आणि गोटे टाकत ती रचली. काही ठिकाणी ती जेमतेम रस्त्याएवढी रुंद आहे: दोन्ही हातांना सरोवर, मधे पाइनची झाडं. बॅगा सावोनलिन्नात ठेवून सकाळच्या रेलबसने लुस्तोला यावं, संग्रहालय बघून टेकडीवरून चालावं आणि दुपारनंतर परत जावं. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, म्हणून परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा.

केरिमाकीचं लाकडी चर्च 1847 चं. तीन हजारांवर माणसं बसतील एवढं मोठं, सावोनलिन्नापासून 23-24 किलोमीटर. इथे बसच घ्यावी लागते, आणि रविवारी तिचा भरवसा धरू नये. साइमाचा सील, म्हणजे नोर्पा, बघायची आशा असेल तर मे महिन्यात लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यानात जावं. तेव्हा ते खडकांवर ऊन खात पडलेले असतात, ऑगस्टमध्ये दिसणं कठीण.

खाण्याचं पाहिलं तर शाकाहाऱ्यांना लाप्पेनरांता जड जातं. तिथलं नावाजलेलं वेती म्हणजे मांस भरून तळलेल्या पावात हॅम आणि अंडं. सावोनलिन्नाच्या बाजारचौकात ल्योर्त्सी मिळते, करंजीसारखी अर्धगोल, तळलेली. मांसाचं सारण असलेलीही असते, म्हणून मागताना 'ओमेना' म्हणजे सफरचंदाची, असं स्पष्ट सांगावं. गरम असताना आतलं सारण चांगलंच पोळतं, तेव्हा टोक तोडून वाफ जाऊ द्यावी आणि मगच घास घ्यावा.