क्लाइनउंटरनेमर, दीड वर्ष वापरून: ६७ नंबरचा रकाना रिकामाच

जर्मनीत नवऱ्याच्या ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) आलेल्या आणि घरून भाषांतर, सबटायटल असलं काम सुरू करू पाहणाऱ्या बायकांसाठी मुख्यतः हे लिहितेय. एल्स्टर म्हणजे कर भरायचं सरकारी पोर्टल, क्लाइनउंटरनेमर म्हणजे ग्राहकाला व्हॅट न लावण्याची छोट्या धंद्यांची सवलत, एवढं माहीत आहे असं धरते. मी २०२४च्या मार्चमध्ये नोंद केली, तेव्हा उलाढालीची मर्यादा २२,००० युरो होती. २०२५ पासून ती २५,००० झाली. चालू वर्षात १ लाख ओलांडले तर त्या क्षणी सवलत संपते. आपल्यापैकी किती जणींना ती भीती आहे ते सोडा.

लिहायला निमित्त एका फोनचं. त्याकडे येतेच.

आधी चांगलं सांगते. भाषांतरकाराचा धंदा इथल्या आयकर कायद्याच्या कलम १८ मध्ये नाव घेऊन लिहिलाय. म्हणजे आपण फ्रायबेरुफ्लर (स्वतंत्र व्यावसायिक), गेवेर्बची (व्यापारी धंद्याची) नोंद नाही, गेवेर्बचा कर नाही, थेट फिनान्झआम्टशी (कर कचेरीशी) गाठ. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई दिवाळीत फराळ विकतात, त्यांना गेवेर्ब काढावंच लागलं. (२४,५०० युरो नफ्यापर्यंत तो कर त्यांनाही लागत नाही, पण कागद वाढलेच.) आणखी एक गंमत म्हणजे ब्लू कार्डवाल्या नवऱ्याला स्वतःचं काही सुरू करायचं तर परदेशी नागरिकांच्या कचेरीची परवानगी लागते, त्याच्यामुळे व्हिसा मिळालेल्या बायकोला लागत नाही. आमच्या घरात हा मुद्दा मी अधूनमधून काढते.

एल्स्टर फुकट आहे आणि चालतं. कोड पोस्टाने येतो, तेवढे दिवस धीर धरा. नोंदणीच्या प्रश्नावलीत पहिल्या वर्षीचा अंदाजे नफा विचारतात, तिथे मोठेपणा करू नका. फुगवलेला आकडा पाहून ते १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर अशा तारखांना आगाऊ कर मागायला लागतात. जोडीने रिटर्न भरत असाल तर तुमचं उत्पन्न नवऱ्याच्या पगारावर चढतं, त्यामुळे ‘माझं तर करमुक्त मर्यादेच्या आतच आहे’ हे समाधानही विसरा.

आता माझं दुखणं. सबटायटलचं सॉफ्टवेअर मी महिन्याच्या भाड्याने घेते, ६० युरो. कंपनीचं बिल आयर्लंडहून येतं आणि त्यावर व्हॅट शून्य. शून्य बघून खूश होऊ नका. उमसात्झ-कायद्याच्या, म्हणजे व्हॅटच्या कायद्याच्या, १३ब कलमाप्रमाणे तो १९ टक्के तुम्ही स्वतः भरायचा, क्लाइनउंटरनेमर असलात तरी. बाकीचे धंदेवाले एका रकान्यात भरतात आणि दुसऱ्या रकान्यात तेवढाच परत घेतात, हिशेब शून्य. आपल्याला परत घेण्याचा हक्क नाही. महिन्याला ११ युरो ४० सेंट, वर्षाला १३६ युरो ८० सेंट, सरळ गंगार्पण.

तिमाही संपली की एल्स्टर उघडायचं. ४६ नंबरच्या रकान्यात १८० लिहायचे, शेजारी ४७ मध्ये ३४.२० आपल्या हाताने टाकायचे. मग खाली सरकत सरकत ६७ येतो, जिथे बाकीचं जग हेच ३४.२० परत मागतं. तो रकाना तसाच सोडून ‘पाठवा’ दाबायचं. प्रत्येक तिमाहीला त्या रिकाम्या चौकोनापाशी माझा हात थांबतो. नवरा म्हणतो, अगं एका जेवणाचे पैसे आहेत. असतील, पण जेवणात पोट तरी भरतं.

काहीजणी कंपनीला आपला व्हॅट नंबर देतच नाहीत. मग कंपनीच बिलात १९ टक्के लावते. पैसे तेवढेच जातात, फक्त फॉर्म भरायचा वाचतो आणि बिलावर तुम्ही घरगुती ग्राहक ठरता. मला ते नको होतं.

तर तो फोन. गेल्या महिन्यात फिनान्झआम्टचं पत्र आलं: आपण क्लाइनउंटरनेमर आहात, तरी तिमाही फोरआनमेल्डुंग (व्हॅटचा फॉर्म) का भरता, खुलासा करा. फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला गरजच नाही, बंद करा. मी कलम सांगितलं. त्या म्हणाल्या, क्लाइनउंटरनेमरला व्हॅट नसतोच. मी पुन्हा १३ब म्हटलं. बराच वेळ होल्डवरचं संगीत. परत येऊन म्हणाल्या, बरोबर आहे, १३बसाठी भरावंच लागतं, चालू ठेवा. सॉरी वगैरे नाही. माझ्या खिशातून जाणारे पैसे घ्या म्हणून मीच सरकारशी भांडत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आणि तिथेच मत बदललं. पहिलं वर्षभर मी विचारेल तिला डोळे मिटून ‘क्लाइनउंटरनेमर घे, कटकट नाही’ असं सांगत होते. पण कटकट नाही हाच जर फायदा, तर फॉर्म तर मी तसाही दर तिमाहीला भरतेय. आणि माझे ग्राहक कोण? एक हाम्बुर्गची एजन्सी, जी माझा व्हॅट लगेच परत मागून घेईल. दुसरी पुण्याची. भारतातल्या कंपनीला दिलेल्या सेवेवर जर्मन व्हॅट लागतच नाही, मी कुठल्याही योजनेत असले तरी. म्हणजे माझा दर स्वस्त दिसण्याचा फायदा कोणालाच नाही, आणि लॅपटॉपपासून खुर्चीपर्यंत दर खरेदीत १९ टक्के मी एकटी सोसतेय.

ज्यांचे ग्राहक घरगुती आहेत त्यांनी मात्र हेच घ्यावं. मुलांना मराठी शिकवणारी, तबल्याचा क्लास घेणारा, यांनी व्हॅट लावला तर तो पालकांच्या खिशातून जाईल किंवा स्वतःच्या.

पुण्याच्या एजन्सीचं वेगळं प्रकरण आहे. ते भाषांतराला टेक्निकल सर्व्हिस धरून टीडीएस कापतात. दोन देशांच्या करारामुळे तो १० टक्के बसतो, पण त्यासाठी फिनान्झआम्टकडून रहिवासी दाखला आणि भारताच्या कर पोर्टलवर टेन-एफ नावाचा फॉर्म लागला. दाखला नसेल तर २० टक्के आणि वर सेस. दाखला वेळेत आला, त्याबद्दल त्याच कचेरीचे आभार.

खरा मोठा खर्च आरोग्यविम्याचा आहे, हे मलाही कळतं. २०२५ मध्ये महिन्याला सरासरी ५३५ युरोपेक्षा जास्त नफा झाला की नवऱ्याच्या विम्यातली फुकट जागा जाते, आणि स्वतःचा हप्ता कमीत कमी अडीचशे युरोच्या घरात. माझी गेली. त्यापुढे ११ युरो ४० सेंट म्हणजे काहीच नाही. पण विम्याच्या बदल्यात निदान डॉक्टर तरी मिळतो.

जानेवारीपासून मी सवलत सोडतेय. एकदा सोडली की निदान पाच वर्षं परत घेता येत नाही, म्हणून नवरा अजून ‘नीट विचार कर’ म्हणतोय. लॅपटॉपची बॅटरी तासाभरात बसते. १,१९० युरोचा नवीन बघून ठेवलाय, त्यात १९० व्हॅट आहे. डिसेंबर संपेपर्यंत चार्जर लावूनच काम करणार.