गिटार ॲम्प घेताना आतली बांधणी कशी जोखाल: हँडवायर्ड, पीसीबी, सॉलिड-स्टेट की डिजिटल?

फेंडर कंपनीने ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा एकच ॲम्प तीन तऱ्हांनी बांधून विकला आहे. ‘६४ कस्टम’मध्ये आतलं वायरिंग हाताने केलेलं. ‘६५ रीइश्यू’मध्ये पीसीबी, म्हणजे तांब्याचे ट्रॅक छापलेला बोर्ड. २०१९ साली आलेल्या ‘टोन मास्टर’मध्ये तर व्हॉल्व्हच (काचेच्या नळ्या) नाहीत, प्रोसेसर आणि १०० वॉटचा क्लास-डी (ट्रान्झिस्टरचा, हलका) ॲम्प मिळून २२ वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पची नक्कल करतात. समोरून तिघं भाऊ-भाऊ दिसतात. उचलून बघितलं तरच कळतं, कारण टोन मास्टरचं वजन साधारण निम्मं भरतं.

आवाज कोणाचा सरस यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत, भांडोत बापडे. दुरुस्तीच्या टेबलावरून बघितलं तर मला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: यातलं आधी काय जाणार, आणि ते गेल्यावर तिथपर्यंत हात पोचणार का. त्याच निकषावर हे प्रकार शेजारी-शेजारी ठेवतो. सोबत चौथा गडी म्हणून ॲनालॉग सॉलिड-स्टेटही (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर) घेतो, कारण या चर्चेत त्याला उगाचच बाजूला बसवतात.

आधी काय जातं

मोठा ट्रान्सफॉर्मर जळालेला ॲम्प क्वचितच येतो. इनपुट जॅक ढिला, पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) खरखरतोय, स्विच कधी लागतो कधी नाही, सोल्डरचा एखादा डाग (सांधा) सुटलाय, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलाय, व्हॉल्व्ह थकलाय, बहुतेक तक्रारी एवढ्यातच आटोपतात. इफेक्ट्स लूप (पेडल मध्ये जोडायचे सेंड-रिटर्न जॅक) असलेला ॲम्प मध्येच आवाज टाकत असेल तर खोलण्याआधी सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावून बघा. आवाज नीट आला तर रिटर्न जॅकमधल्या स्विचचा कॉन्टॅक्ट काळा पडलाय, बस्स. कॉन्टॅक्ट क्लीनरने भागतं.

म्हणजे महागड्या आणि स्वस्त ॲम्पमध्ये बिघडणाऱ्या वस्तू त्याच. त्या कशावर बसवल्यात, तिथे खरा फरक आहे.

हँडवायर्ड विरुद्ध पीसीबी

इनपुट जॅक बदलायचाय असं धरा. हँडवायर्ड ॲम्पची मागची फळी काढली, चॅसी बाहेर घेतली की जॅक डोळ्यासमोर. धातूचा, नटने चॅसीला आवळलेला, त्याला दोन-तीन वायरी. वायरी सोडवा, नट काढा, नवा बसवा, डाग द्या. अर्ध्या तासात ॲम्प परत जागेवर.

बऱ्याच पीसीबी ॲम्पमध्ये तोच जॅक प्लास्टिकचा, पाय थेट बोर्डात सोल्डर केलेले. बोर्ड पालथा घातल्याशिवाय ते पाय दिसतच नाहीत. पालथा घालायचा तर समोरचे सगळे नॉब ओढा, प्रत्येक पॉटचा नट काढा, सगळे जॅक मोकळे करा, रिबन केबल कुठून कुठे गेल्यात त्याचे फोटो काढून ठेवा, मग बोर्ड हळूच तिरका करून बाहेर घ्या. डाग द्यायला दोन मिनिटं, तिथपर्यंत पोचायला तासभर. मजुरी त्या तासभराचीच लागते, आणि गिऱ्हाईकाला वाटतं एका जॅकचे एवढे कसे काय सांगतोय.

म्हणून पीसीबी वाईट, असा निकाल लावून मोकळे होऊ नका. मेसा बूगीने सत्तरच्या दशकापासून पीसीबी वापरलेत आणि त्यांचे ॲम्प दणकट म्हणूनच ओळखले जातात. १९८७ चा सोल्डानो एसएलओ-१०० लोक जिवापाड जपतात, त्यातही पीसीबीच आहे. उलट, हाताने केलेलं वायरिंगही गचाळ असू शकतं: अर्धवट तापलेले डाग, इनपुटच्या वायरीला खेटून गेलेली हीटरची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) वायर, मग जन्मभर हम (गुणगुण). जुन्या फेंडरमधला काळा फायबर बोर्डसुद्धा दमट हवेत ओल शोषतो आणि स्वतःच थोडीफार वीज वाहू लागतो. मग पॉट नवे टाकले तरी खरखर जात नाही. हाताच्या वायरिंगचा आदर्श म्हणून हॅरी जॉइस यांच्या वायरिंगचे हायवॉट दाखवतात ते योग्यच आहे, पण ‘हँडवायर्ड’ अशी पाटी लावलेला प्रत्येक ॲम्प त्या तोलाचा नसतो.

पीसीबीतही डावं-उजवं असतं. चांगला बोर्ड एफआर-४ म्हणजे काच-तंतूंचा, दोन्ही बाजूंनी तांबं असलेला, भोकांना आतून मुलामा दिलेला. हलका बोर्ड कागदी फिनॉलिकचा, तपकिरी, एकाच बाजूला ट्रॅक. अशा बोर्डवर एकच भाग दोन-तीनदा बदलला की तांब्याची टिकली बोर्डापासून सुटून वर येते, आणि तिथून पुढे जंपर वायरींचं ठिगळकाम सुरू होतं.

मला बोर्डापेक्षा जास्त धास्ती असते उष्णतेची. ईएल८४ हा बोटाएवढा पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा. त्याच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट, शिवाय हीटरचे ६.३ व्होल्ट गुणिले ०.७६ ॲम्पिअर, म्हणजे आणखी ४.८ वॉट. व्हॉक्स एसी३० मध्ये असे चार ओळीने उभे. जोरात चालवले तर साठ-पासष्ट वॉटची धग एका हाताच्या अंतरात. व्हॉल्व्हचं सॉकेट चॅसीच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेलं असेल तर उष्णता पत्रा खातो, आणि व्हॉल्व्ह ओढताना-दाबतानाचा जोरही पत्र्यावरच येतो. सॉकेट थेट बोर्डावर असेल तर दोन्ही सोल्डरच्या डागांवर. अशा ॲम्पमध्ये सॉकेटभोवती बोर्ड आधी पिवळसर, मग तपकिरी होतो आणि शेवटी पायांभोवती बारीक गोल भेग दिसते. भिंगातून बघितली तर केसाएवढी. ॲम्प थंड असताना नीट चालतो, अर्ध्या तासाने तडतडायला लागतो, वरून थाप मारली की पुन्हा सुधारतो. ही लक्षणं सांगितली की मी भिंग आधी काढतो.

हीटरचा प्रवाहही विसरू नका. ईएल३४ या मोठ्या पॉवर व्हॉल्व्हचा हीटर १.५ ॲम्पिअर घेतो. चार म्हणजे ६, वर चार १२एएक्स७ (छोटे प्रीॲम्प व्हॉल्व्ह) चे १.२. सात ॲम्पिअरच्या वर प्रवाह बोर्डच्या ट्रॅकमधून आणि छोट्या प्लास्टिक कनेक्टरमधून नेलेला असेल तर तो कनेक्टर कधीतरी करपणारच. चांगले बांधणारे ही एक गोष्ट वळलेल्या जाड वायरीने करतात, बाकी सगळं बोर्डावर ठेवलं तरी.

अशीच आणखी एक जागा: व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये चॅनल बदलण्यासाठी किंवा लूपसाठी ऑप-ॲम्प (छोट्या ॲम्प्लिफायर चिप) असतील तर त्यांना लागणारे १५-१६ व्होल्ट बरेचदा ५ वॉटच्या दोन सिमेंट रेझिस्टरमधून उतरवलेले असतात. हे रेझिस्टर भाजतात. बोर्डाला चिकटवून बसवले असतील तर डाग सुटणार, काही मिलिमीटर वर उचलून बसवले असतील तर वर्षानुवर्षं काढतील. दुरुस्तीत हे करायला काहीच खर्च येत नाही. कारखान्यात का करत नाहीत, हे कोडंच आहे.

कपॅसिटरचं गणित सोपं आहे. १०५ अंशाला २,००० तासांचा असेल तर तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. ८५ अंशाला ८,००० तास, ६५ अंशाला ३२,०००. त्यामुळे कपॅसिटरवर कोणाचं नाव छापलंय याच्याइतकंच तो पॉवर व्हॉल्व्हच्या किती जवळ बसलाय हे बघा.

२००६ च्या जुलैपासून युरोपात शिशाच्या सोल्डरवर निर्बंध आले आणि बहुतेक कारखाने शिसेविरहित सोल्डरकडे वळले. ते साधारण २१७ अंशांना वितळतं, जुनं ६३/३७ सोल्डर १८३ ला. शिसेविरहित डाग चांगला असला तरी निस्तेज, दाणेदार दिसतो. तेव्हा जुन्या सवयीने प्रत्येक मळकट डाग ड्राय (नीट न धरलेला) समजून पुन्हा तापवत बसू नका. ट्रॅक उखडायचे ते असेच.

सॉलिड-स्टेट

रोलंडचा जेसी-१२० १९७५ पासून बाजारात आहे आणि अजून बनतो. टिकाऊपणाची याहून चांगली साक्ष मिळायची नाही. व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे झिजून बदलायचं काही नाही, धगही कमी. आउटपुट ट्रान्झिस्टर गेले तर मात्र एकटे जात नाहीत, शेजारचे ड्रायव्हर आणि रेझिस्टरही सोबत नेतात. संरक्षणाचा रिले नसेल तर डीसी थेट स्पीकरवर येऊन कॉइल जळते. लहान ॲम्पमध्ये बहुधा एलएम३८८६ किंवा टीडीए७२९३ सारखी एकच चिप असते. ती बदलली, हीटसिंकला पेस्ट लावली की झालं. बांधणीत पाहायचं ते हीटसिंकचा आकार आणि पॉट समोरच्या पॅनलला नटने आवळलेत का, एवढंच. बदल्यात मिळणारा ड्राइव्हचा आवाज अनेकांना पसंत पडत नाही, त्यांनी पेडल वापरावं.

डिजिटल

डिजिटल ॲम्प दुरुस्त होतच नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. डीएसपी चिप (आवाजावर प्रक्रिया करणारा प्रोसेसर) सहसा मरत नाही. जातात ते जॅक, एन्कोडर (गोल फिरणारे डिजिटल नॉब), ओढाताणीने उखडलेलं यूएसबी पोर्ट, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. यातलं बरंच काही कोणताही हुशार मेकॅनिक करून देईल. पण बिघाड मुख्य बोर्डावर गेला की पूर्ण बोर्ड बदलायचा, आणि तो कंपनीकडे असेल तरच. क्लास-डीचं मॉड्यूलही तसंच. सर्किट डायग्राम बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरपलीकडे जात नाही. १९७५ च्या ॲम्पमधला ट्रान्झिस्टर आज पर्यायी नंबरचा टाकता येतो; एखाद्या मॉडेलसाठीच लिहिलेलं फर्मवेअर असलेल्या चिपला पर्याय नसतो.

म्हणून डिजिटल घेताना मॉडेल किती खपलंय हे बघा. खूप खपलेल्याचे मेलेले ॲम्प सुट्या भागांसाठी मिळत राहतात.

न खोलता काय बघता येतं

नॉब धरून आडवा हलवा. पॅनलला आवळलेला पॉट हलत नाही. नॉब डुलत असेल तर भार बोर्डावर येतोय. जॅकमध्ये केबल घालून हलकेच वर-खाली करा, नट धातूचा आहे का पाहा. मागून टॉर्च मारा: सॉकेटच्या दोन्ही बाजूंना स्क्रू दिसले तर ते चॅसीवर आहे, पत्र्याच्या नुसत्या भोकातून व्हॉल्व्ह बाहेर आला असेल तर सॉकेट आत बोर्डावर. बायस (पॉवर व्हॉल्व्हचा निवांत प्रवाह) मोजायला बाहेरून टेस्ट पॉइंट असेल तर बांधणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार केलाय असं खुशाल समजा.

वापरलेला ॲम्प असेल तर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐका. मेन्सच्या दुप्पट वारंवारितेचा, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झचा भरड घरघराट फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवतो. मेन्सच्याच ५०-६० हर्ट्झचा मऊ हम बहुधा हीटर किंवा ग्राउंडचा. व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करायला सांगा. पेन्सिलीने प्रत्येक व्हॉल्व्ह हलकेच टिचकावा. एखादा घंटेसारखा वाजला तर तो मायक्रोफोनिक झालाय (हादरे आवाजात उतरवतोय), सौदा मोडण्याचं कारण नाही, किंमत पाडण्याचं आहे.

स्वतः खोलणार असाल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा तो राजमार्ग.

मग घ्यायचा कोणता

एकच ॲम्प, दर आठवड्याला कार्यक्रम, आसपास व्हॉल्व्हचं काम जाणणारा कोणी नाही: सॉलिड-स्टेट घ्या, मुकाट्याने. पाठीचं दुखणं असेल किंवा घरात हेडफोनवर वाजवायचं असेल तर डिजिटल, फक्त तो दोन पिढ्या चालेल ही आशा ठेवू नका. स्वतः सोल्डरिंग शिकायचंय, किंवा एकदाच घेऊन वीस-पंचवीस वर्षं ठेवायचाय: कमी वॉटचा, एक चॅनलचा, साधा हँडवायर्ड. साधा हे महत्त्वाचं. चार चॅनलचा हँडवायर्ड ॲम्प उघडल्यावर वायरींच्या जंगलात मीही हरवतो.

व्हॉल्व्हचाच आवाज हवा पण हँडवायर्ड परवडत नाही, अशांची संख्या सर्वात मोठी. त्यांनी पीसीबीला घाबरू नये, पण पॉवर व्हॉल्व्हची सॉकेट चॅसीवर असलेला शोधावा आणि जमल्यास कॉम्बोऐवजी हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) घ्यावं. कॉम्बोत स्पीकर, व्हॉल्व्ह आणि बोर्ड एकाच खोक्यात रात्रभर हादरतात. वेगळ्या कॅबिनेटवर ठेवलेल्या हेडला निदान त्यातून थोडी सुटका मिळते. व्हॉल्व्हसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा: गिटार ॲम्पचे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात, आणि २०२२ मध्ये रशियाचा पुरवठा अडला तेव्हा सगळीकडेच पळापळ झाली होती. ६एल६, ईएल३४, ईएल८४ आणि ६व्ही६ हे चार पॉवर व्हॉल्व्ह मिळत राहतील असं धरायला हरकत नाही. याखेरीज वेगळाच काही पॉवर व्हॉल्व्ह लागणारा ॲम्प कितीही मोहात पाडत असला तरी आधी त्या व्हॉल्व्हचे दोन जोड हातात घ्या, मग ॲम्पचे पैसे द्या.